‘पूर्वीही पृथ्वी तापली होती’ हे वाक्य पूर्ण करा: संपादक आणि सूत्रसंचालकांना खुले पत्र

प्रति,
वृत्तपत्रांचे संपादक आणि वृत्तवाहिन्यांवरील चर्चांचे सूत्रसंचालक यांस,

स. न. वि. वि.

हवामानबदलावरची चर्चा हल्ली ठरलेल्या चालीने जाते. एक पाहुणा विचारतो, "पृथ्वी याआधीही तापली होती, तेव्हा कुठे मोटारी होत्या?" दुसरा म्हणतो, "शास्त्रज्ञांचे यावर एकमत आहे." पहिल्याला उत्तर मिळत नाही, दुसऱ्याकडे कुणी पुरावा मागत नाही, आणि तेवढ्यात वेळ संपते. तापमापक नव्हते त्या काळातले हवामान धुंडाळणे हा आमचा, या पत्राखाली सही करणाऱ्यांचा, अभ्यासविषय आहे. पहिल्या पाहुण्याला गप्प करा, अशी आमची मागणी मुळीच नाही. त्याचे वाक्य खरे आहे, पण अर्धे आहे. पृथ्वी तापली ती कशामुळे, किती वेगाने, किती भागात आणि हे कळले कशावरून, एवढे विचारले की ते पूर्ण होते. आणि पूर्ण झाले की बहुतेक वेळा ते बोलणाऱ्याच्या मताविरुद्ध साक्ष देते.

सुरुवात आलेखापासून करतो, कारण घोळ बहुधा तिथेच होतो. निळी नागमोडी रेघ, दहा हजार वर्षांचा पल्ला, मध्ये ‘रोमन उष्ण काळ’, ‘मध्ययुगीन उष्ण काळ’ अशी लेबले आणि उजव्या टोकाला आजचे तापमान अगदी खाली दिसते असा एक आलेख आपण पाहिला असेल. कदाचित छापलाही असेल. तो ग्रीनलंडच्या माथ्यावरच्या जीआयएसपी-२ या हिमगाभ्याचा, म्हणजे बर्फात खोल छिद्र पाडून काढलेल्या लांब दंडगोलाचा, आहे. हा गाभा १९९३ साली ३,०५३ मीटर खोलीपर्यंत काढून झाला आणि त्यावरून काढलेली तापमानाची मालिका हिमशास्त्रज्ञ रिचर्ड अ‍ॅली यांनी २००० साली प्रसिद्ध केली. मालिका अस्सल आहे. गडबड वाचण्यात आहे. पुराहवामानशास्त्रात ‘आजपासून इतकी वर्षे आधी’ असे लिहितात तेव्हा ‘आज’ म्हणजे १९५० साल. रेडिओकार्बन कालमापनातून (अवशेषांतल्या किरणोत्सारी कार्बनवरून वय काढण्याच्या पद्धतीतून) आलेली ही प्रथा आहे. आणि या मालिकेतली सगळ्यात अलीकडची नोंद त्या शून्याच्या ९५ वर्षे आधीची, म्हणजे इ. स. १८५५ची आहे. ज्याला ‘आज’ म्हणून बाण दाखवला जातो तो छोट्या हिमयुगाचा, म्हणजे मध्ययुगानंतरच्या काही थंड शतकांचा, शेवट आहे. औद्योगिक काळातली जवळजवळ सगळी वाढ त्या आलेखाच्या उजव्या चौकटीबाहेर पडते. पुढची भर म्हणून सांगतो: मध्य-उत्तर ग्रीनलंडमधल्या गाभ्यांची मालिका अलीकडे २०११पर्यंत वाढवली गेली. २००१ ते २०११ हे दशक तिथे विसाव्या शतकाच्या सरासरीपेक्षा सुमारे १.५ अंश सेल्सिअसने उष्ण आणि गेल्या हजार वर्षांतले सर्वाधिक उष्ण निघाले.

त्याच आलेखात दुसरीही मेख आहे. हे एका जागेचे, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,२०० मीटर उंचीवरच्या बर्फमाथ्याचे तापमान आहे. ११,७०० वर्षांपूर्वी तिथे काही दशकांत सुमारे १० अंशांची उडी दिसते. "बघा, निसर्गाने याहून वेगाने तापवले होते" असे त्यावरून म्हटले जाते. ती उडी खरी आहे. पण अटलांटिक महासागरातला उष्णता उत्तरेकडे नेणारा प्रवाह मंदावला होता, तो पुन्हा जोरात सुरू झाल्याचा तो परिणाम होता. उष्णतेची जागा बदलली. त्याच सुमारास अंटार्क्टिकातली वाढ थांबली. घरातली चूल एका खोलीतून दुसरीत नेली तर दुसरी खोली झटकन तापते, पण म्हणून घरात जास्त लाकूड जळले असे होत नाही. आज महासागर, जमीन आणि हवा एकाच वेळी तापत आहेत आणि जादा उष्णतेतला सुमारे ९० टक्के वाटा महासागरात जात आहे. ग्रीनलंडच्या एका बिंदूवरून जगाचे अनुमान काढणे म्हणजे वडाची साल पिंपळाला लावणे.

बर्फातून तापमान कसे वाचतात, हेही वाचकाला सांगायला हरकत नाही. ते फार अवघड नाही. पाण्याच्या काही रेणूंमध्ये ऑक्सिजन-१८ हा जड समस्थानिक, म्हणजे ऑक्सिजनचाच जरा वजनदार अणू, असतो. तो वाफेत जरा नाखुशीने जातो आणि पावसातून आधी खाली उतरतो. हवा जितकी थंड, तितका जड भाग ध्रुवाकडच्या वाटेवरच गळून जातो आणि तिथे पडणारा बर्फ तितका हलका असतो. समुद्रतळाच्या गाळातल्या फोरामिनिफेरा या सूक्ष्मजीवांच्या कवचांत मात्र गणित उलटे आणि दुपदरी आहे. थंड पाण्यात बनलेल्या कवचात ऑक्सिजन-१८ जास्त येतो, पण जमिनीवर हिमस्तर वाढले तरीही तो जास्तच येतो, कारण हलके पाणी हिमस्तरांत अडकून समुद्र जड होतो. तापमान आणि बर्फ या दोन्हींची खूण एकाच आकड्यात मिसळलेली असते. ती वेगळी करण्यासाठी त्याच कवचातले मॅग्नेशियम आणि कॅल्शियम यांचे प्रमाण मोजावे लागते. झाडांच्या खोडातली वलये वर्षाचा हिशेब अचूक देतात, पण मुख्यतः वाढीच्या मोसमाचा, हिवाळ्याचा नव्हे. आणि उत्तरेकडच्या काही ठिकाणी १९६०नंतर वलये तापमापकाशी जुळेनाशी झाली आहेत. ही अडचण संशोधकांनी स्वतः नोंदवली आहे. म्हणून एकाच प्रकारच्या पुराव्यावर उभा असलेला आलेख आणि अनेक प्रकारचे पुरावे पडताळून काढलेला आलेख यांना एका मापाने मोजू नये.

आता मध्ययुगीन उष्ण काळाकडे येऊ. ही संकल्पना ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ ह्यूबर्ट लॅम्ब यांनी १९६५ साली मांडली, मुख्यतः युरोपच्या नोंदींवरून. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या १९९०च्या पहिल्या अहवालात हजार वर्षांची जी ढोबळ रेखाकृती होती, तीही लॅम्ब यांच्या मध्य इंग्लंडच्या वक्रावर बेतलेली होती. ‘मध्ययुगाचा फुगवटा नंतर पुसून टाकला’ ही तक्रार याच चित्रावरून निघते. प्रत्यक्षात घडले ते असे: इंग्लंडच्या एका भागाच्या जागी हळूहळू जगभरातले प्रवाळ, गाळ, बर्फ आणि झाडे आली. साधारण ९५० ते १२५० या काळात उत्तर अटलांटिकच्या आसपास खरोखर ऊब होती. पूर्व विषुववृत्तीय प्रशांत महासागर मात्र तुलनेने थंड होता, आणि ठिकठिकाणचे शिखर वेगवेगळ्या शतकांत येते. पेजेस-२के या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाच्या माहितीवर आधारलेल्या २०१९च्या विश्लेषणात गेल्या दोन हजार वर्षांतला सर्वात उष्ण काळ पृथ्वीच्या ९८ टक्क्यांहून अधिक भागावर विसाव्या शतकात येतो. आधीच्या कोणत्याही उष्ण वा शीत काळाला अशी एकसमयता नाही.

‘तेव्हा ग्रीनलंड हिरवे होते’ म्हणून तिथल्या नॉर्स (स्कँडिनेव्हियातून आलेल्या) लोकांच्या वसाहतींचा दाखला हमखास निघतो, तेव्हा थोडे त्याविषयी. त्यांचा म्होरक्या एरिक द रेड ९८५च्या सुमारास तिथे गेला. वसाहतीची शेवटची लेखी नोंद १४०८मधल्या ह्वालसे चर्चमधल्या विवाहाची आहे. पण ते लोक राहिले ते नैर्ऋत्येच्या खाड्यांच्या काठी, जिथे आजही मेंढ्या चरतात. त्याही वेळी ग्रीनलंडवर हिमस्तर होताच. आत्ताच सांगितलेला गाभा त्यातूनच तर काढला. थेम्स नदी गोठून तिच्यावर जत्रा भरत, हा याच पठडीतला दुसरा दाखला. थंडी होतीच, पण जुन्या लंडन पुलाच्या अरुंद कमानींनी प्रवाह अडवला जाई. तो पूल १८३१मध्ये पाडल्यावर नदी पूर्वीसारखी गोठणे कठीणच झाले. छोट्या हिमयुगाची कारणेही ठाऊक आहेत: १२५७चा समालास आणि १८१५चा तांबोरा यांसारखे मोठे ज्वालामुखी उद्रेक आणि १६४५ ते १७१५ या काळातली सौरडागांची टंचाई.

होलोसीन म्हणजे शेवटच्या हिमयुगानंतरचा, आजवर चालू असलेला काळ. त्याच्या पूर्वार्धातली ऊब वेगळ्या जातीची. आज पृथ्वी सूर्याला सर्वात जवळ जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात असते. सुमारे १० ते ११ हजार वर्षांपूर्वी ती वेळ उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यात येत होती आणि अक्षाचा कलही थोडा जास्त होता. त्यामुळे उत्तरेकडच्या उंच अक्षांशांवर उन्हाळ्यात सुमारे ८ टक्के जास्त ऊन पडे. मोसमी पाऊस उत्तरेकडे सरकला. सहारात तळी आणि गवताळ रान होते. मात्र वर्षभराची जागतिक सरासरी धरली तर साडेसहा हजार वर्षांपूर्वीचा काळ १८५०–१९००च्या तुलनेत फक्त ०.२ ते १ अंश उष्ण होता, असा आयपीसीसीच्या सहाव्या अहवालाचा अंदाज आहे. २०११–२०२० हे दशक त्याच मापाने १.१ अंश वर होते. कक्षेचे हे गणित पुढच्या हजारो वर्षांसाठीही मांडता येते, आणि त्यात गेल्या शंभर वर्षांतल्या वाढीला जागा नाही. कक्षेच्या हिशेबाने आपण अतिशय संथपणे थंड व्हायला हवे होते.

त्याआधीचा आंतरहिमकाळ (दोन हिमयुगांमधला उबदार काळ), १ लाख २९ हजार ते १ लाख १६ हजार वर्षांपूर्वीचा, संशयवाद्यांना फार आवडतो, आणि आम्हालाही. लंडनच्या ट्रॅफल्गर चौकाखाली पाणघोड्यांची हाडे सापडली ती याच काळातली. हवेत कार्बन डायऑक्साइड सुमारे २८० पीपीएमच (हवेच्या दहा लाख रेणूंत २८०) होता. ऊब आली ती कक्षेमुळे. जागतिक सरासरी औद्योगिक काळाआधीपेक्षा ०.५ ते १.५ अंश जास्त, बस्स. आणि समुद्राची पातळी? आजच्यापेक्षा बहुधा ५ ते १० मीटर वर. "तेव्हा माणसाने काही केले नव्हते" हे कबूल करून टाका आणि पुढचा प्रश्न विचारा: एवढ्याशा तापमानाला हिमस्तरांनी इतके पाणी सोडले, तर हा दाखला दिलासा म्हणून कसा देता येतो?

इथे ‘आधी तापमान, मग कार्बन’ हा मुद्दा येतो, आणि त्याला तांत्रिक उत्तर द्यावेच लागते. अंटार्क्टिकाच्या गाभ्यांत हिमयुग संपताना आधी तापमान वाढलेले दिसते आणि कार्बन डायऑक्साइड नंतर. २००३च्या एका विश्लेषणात हे अंतर सुमारे ८०० वर्षे आले होते. पण तापमान बर्फावरून वाचतात आणि वायू बुडबुड्यांतून. ताजा हिम सैल असतो. त्याच्या फटींतून हवा खेळती राहते आणि सुमारे शंभर मीटर खोलीवर त्या फटी बंद होतात. म्हणून बुडबुड्यातली हवा भोवतीच्या बर्फापेक्षा वयाने लहान असते, आणि जिथे हिमवृष्टी फार कमी तिथे हा फरक काही हजार वर्षांचा असतो. तो काढण्यात थोडी चूक झाली की ८०० वर्षे सहज दिसू किंवा नाहीशी होऊ शकतात. २०१३मध्ये पद्धत सुधारल्यावर शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीस अंटार्क्टिकातले हे अंतर जवळजवळ शून्यावर आले. जगभरच्या ८० नोंदी एकत्र घेतलेल्या २०१२च्या अभ्यासात तर जागतिक सरासरी बहुतांशी कार्बन डायऑक्साइडच्या मागून चालते. समजा अंतर खरेच आहे, तरी अडत नाही. कक्षेने सुरुवात केली, तापलेल्या महासागराने वायू सोडला, त्या वायूने सगळ्या पृथ्वीला आणखी तापवले. १८० पीपीएमवरून सुमारे २७०, आणि तापमान ५ ते ७ अंश वर, साधारण सात ते दहा हजार वर्षांत. म्हणजे शतकाला ०.१ अंशाहूनही कमी. १९७०च्या दशकापासून आपण दर दशकाला सुमारे ०.२ अंशाने चढतो आहोत. शिवाय या वेळी महासागर वायू सोडत नाही, शोषतो आहे.

ते कशावरून? हा हिशेब कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर होतो आणि कार्यक्रमात दाखवता येतो. हवेत १ पीपीएम वाढवायला सुमारे ७.८ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड लागतो. इंधने, सिमेंट आणि जंगलतोड मिळून माणूस वर्षाला सुमारे ४० अब्ज टन सोडतो, म्हणजे ५ पीपीएमहून थोडे जास्त. मोजलेली वाढ सुमारे २.५ पीपीएम आहे. उरलेला अर्धा समुद्र आणि वनस्पतींनी उचलला. ज्याच्या खात्यात दरवर्षी जमा होते त्याने उधळपट्टी केली, असा आरोप करता येत नाही. ज्वालामुखींचा वाटा माणसाच्या एका टक्क्याहून कमी. हवेतल्या कार्बन-१३चे प्रमाण घटते आहे, जसे वनस्पतीजन्य जुन्या कार्बनामुळे घटायला हवे, आणि ऑक्सिजनही जळणाच्या हिशेबाने कमी होतो आहे.

सूर्याचाही असाच हिशेब करा. पृथ्वीपाशी पोहोचणारी सौरऊर्जा चौरस मीटरला सुमारे १,३६१ वॅट. अकरा वर्षांच्या सौरचक्रात ती सुमारे १ वॅटने कमीजास्त होते. पृथ्वी गोल आहे म्हणून चाराने भागायचे, परावर्तित होणारा ३० टक्के भाग वजा करायचा, उरतो ०.१८ वॅट. कार्बन डायऑक्साइडसाठी सूत्र आहे ५.३५ गुणिले आताच्या आणि आधीच्या प्रमाणाच्या भागाकाराचा नैसर्गिक लॉगॅरिदम. २८० पीपीएमवरून २०२४ सालच्या सुमारे ४२४वर यायला २.२ वॅट. बारा पट. १९७८पासून उपग्रह सूर्य मोजत आहेत. त्यांना चढता कल दिसलेला नाही. आणि सूर्य कारण असता तर वातावरणाचा वरचा थर, स्थितांबर, तापला असता. तो थंड होतो आहे.

‘ऑर्डोव्हिशियन काळात कार्बन कितीतरी पट होता, तरी हिमयुग आले’ हा दाखलाही याच सूत्राने सुटतो. सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वी सूर्य जवळपास ४ टक्के मंद होता. पृथ्वी शोषते त्या सुमारे २४० वॅटपैकी ४ टक्के म्हणजे साडेनऊ वॅट. एवढी तूट भरायला कार्बन डायऑक्साइड अडीच वेळा दुप्पट, म्हणजे सहापटीच्या आसपास लागतो. तो कितीतरी पट होता तो काही चैन म्हणून नव्हे.

खूप मागचे दोन काळ मात्र सावकाश सांगण्यासारखे आहेत. ३३ ते ३० लाख वर्षांपूर्वीच्या प्लायोसीनमध्ये हवेत ३६० ते ४२० पीपीएम कार्बन डायऑक्साइड होता. तापमान औद्योगिक काळाआधीपेक्षा २.५ ते ४ अंश जास्त, समुद्र ५ ते २५ मीटर वर. आपण तो आकडा ओलांडला आहे. समुद्र तितका वर आलेला नाही, कारण खोल महासागर तापायला आणि हिमस्तर वितळायला शतके ते सहस्रके लागतात. दुसरा काळ ५.६ कोटी वर्षांपूर्वीचा, पॅलिओसीन आणि इओसीन यांच्या सीमेवरचा. काही हजार वर्षांत प्रचंड कार्बन हवेत आणि समुद्रात आला आणि जग ५ ते ६ अंशांनी तापले. २००३मध्ये दक्षिण अटलांटिकच्या वॉल्व्हिस कटकावरून (समुद्राखालच्या डोंगररांगेवरून) काढलेल्या गाभ्यांत हे डोळ्यांना दिसते: पांढरट चुनखडीचा गाळ एकदम संपतो आणि तांबूस चिकणमाती सुरू होते, कारण आम्ल झालेल्या पाण्याने कवचे विरघळवली. तळाशी राहणाऱ्या फोरामिनिफेरांच्या ३० ते ५० टक्के जाती संपल्या. अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये त्या काळातले आदिम घोडे सुमारे ३० टक्क्यांनी आकसले. पूर्ववत व्हायला दीड-दोन लाख वर्षे लागली. आणि कार्बनचा वेग? एका अंदाजानुसार वर्षाला जास्तीत जास्त सुमारे १.१ अब्ज टन. आज आपण निव्वळ कार्बन मोजला तर १० अब्ज टनांच्या वर आहोत. पूर्वीचा उष्ण काळ म्हणून जो सर्वात भयंकर दाखला आहे, त्यातही निसर्गाने आपल्या दहाव्या भागाच्या वेगाने काम केले.

दुसऱ्या बाजूच्या पाहुण्यांनाही आवरा, ही विनंती. "पृथ्वी इतकी कधीच तापली नव्हती" हे सपशेल खोटे आहे. गेल्या ४८.५ कोटी वर्षांत जागतिक सरासरी ११ ते ३६ अंशांच्या दरम्यान राहिली, असे २०२४च्या एका पुनर्रचनेत निघते. आपण सध्या १५च्या आसपास आहोत. डायनोसॉरांना ते चालले, पण शेती सगळी गेल्या १२ हजार वर्षांतली आहे. तसेच ‘सव्वा लाख वर्षांतला सर्वात उष्ण दिवस’ हा मथळा टाळा. कुठल्याही गाळात दिवस दिसत नाही. २०१३ची होलोसीनची गाजलेली पुनर्रचना ७३ नोंदींवर उभी होती आणि तिच्यात तीनशे वर्षांहून छोटे चढउतार जवळपास पुसले जातात. मग जुन्या काळात आजच्यासारखी उसळी लपली असेल का? ही शंका रास्त आहे, हसण्यावारी नेऊ नका. तिचे उत्तर असे की कार्बनमुळे आलेली उसळी शंभर वर्षांत उतरत नाही, हजारो वर्षे रेंगाळते, आणि बुडबुड्यांत सापडतेच. आठ लाख वर्षांच्या हिमगाभ्यांत कार्बन डायऑक्साइड ३०० पीपीएमच्या वर ठळकपणे कधीच गेलेला नाही.

आलेख हाती आला की आधी त्याचा उजवा काठ पाहा: शेवटची नोंद कोणत्या सालची? मग जागा एक की सगळे जग? मग दोन नोंदींमध्ये किती वर्षांचे अंतर? आणि शून्य रेषा कुठली? १८५०–१९०० आणि १९९१–२०२० या दोन आधारकाळांच्या सरासरींमध्ये सुमारे ०.९ अंशाचा फरक आहे. एक रेघ एका आधारकाळावर आणि दुसरी दुसऱ्यावर मांडली तर तापमानवाढ दिसेनाशी किंवा दुप्पट करता येते, आणि दोन्ही गोष्टी केल्या जातात. ज्या आलेखाला यांपैकी एकाचेही उत्तर नाही तो छापू नका, मग तो आमच्या बाजूचा असला तरी.

आणि ग्रीनलंडचा तो आलेख पुन्हा कुणी पाठवलाच, तर त्याखाली एवढी ओळ टाका: ‘मध्य ग्रीनलंडमधल्या एका ठिकाणचे तापमान; शून्य म्हणजे १९५०; शेवटची नोंद इ. स. १८५५, त्यानंतरची वाढ या आलेखात नाही.’

आपले,
पुराहवामानाचे काही अभ्यासक